मुलांसाठी थांबलात? एचआरमध्ये परतायची वाट अशी काढा

एचआरच्या जागेसाठी अर्ज केला की तो सगळ्यात आधी कोण बघतं? एचआरमधलीच एक मुलगी. सकाळी लॉगिन करून ती नोकरी डॉट कॉमवर फिल्टर लावते. अनुभव चार ते आठ वर्षं, लोकेशन पुणे, नोटीस पिरियड एक महिन्याच्या आत, गेल्या महिन्याभरात अॅक्टिव्ह. जी प्रोफाइलं उरतात त्यातली वरची थोडी ती उघडते, बाकीची तशीच राहतात. हे काम आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं केलंय. मुलांसाठी थांबलेल्या बाईचं प्रोफाइल या चाळणीत नेमकं कुठे अडकतं, हे आपल्याइतकं कुणालाच माहीत नाही. म्हणून परतताना याच माहितीचा पुरेपूर उपयोग करायचा.

माझ्याबद्दल थोडं सांगते. पुणे विद्यापीठातून एमपीएम (पर्सोनेल मॅनेजमेंटची पदव्युत्तर पदवी) केलं, भोसरीतल्या एका ऑटो कंपोनंटच्या कारखान्यात टाइम ऑफिसपासून सुरुवात केली, मग हिंजवडीत आयटीत गेले. दोन मुलांसाठी काही वर्षं घरी होते. आता बाणेरमधल्या एका इंजिनिअरिंग कंपनीचा एचआर विभाग बघते आणि ब्रेकनंतर परत येणाऱ्या बायकांचे इंटरव्ह्यू बहुतेक वेळा मीच घेते. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून जे दिसलं ते इथे लिहितेय.

माझं ठाम म्हणणं असं आहे की परत येण्यासाठी इतका चांगला काळ आपल्या क्षेत्रात पुन्हा लवकर येणार नाही. २१ नोव्हेंबर २०२५ ला चारही श्रम संहिता लागू झाल्या. वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षा व आरोग्य अशा या चार. २९ केंद्रीय कायदे त्यांत गेले. म्हणजे जी मॅनेजर पंधरा वर्षं एकही दिवस न थांबता काम करतेय, तिलाही पगाराची रचना, फुल अँड फायनल (नोकरी सोडणाऱ्याचा शेवटचा हिशोब), ग्रॅच्युइटी (सेवेच्या वर्षांवर मिळणारी रक्कम) हे सगळं नव्याने शिकायला लागलंय. ‘मी मागे पडले’ ही भीती पेरोल (पगाराचं काम) आणि कम्प्लायन्सच्या (कायद्याच्या अटी पाळण्याच्या) बाबतीत तरी आता धरून ठेवू नका. गॅप का पडली याचा खुलासा करण्यात इंटरव्ह्यूचा वेळ घालवण्यापेक्षा, बदललेलं मला येतं हे दाखवण्यात तो घालवा.

आधी रस्ता ठरवा, मग रोल

बहुतेक जणी उलटं करतात. रोल आवडतो, कंपनी आवडते, मग जॉइन झाल्यावर कळतं की कर्वेनगरहून हिंजवडी फेज तीनला जायला सकाळी किती आणि संध्याकाळी पावसात किती वेळ लागतो. पाळणाघर सातला बंद होतं आणि आपण अजून वाकडच्या पुलावर असतो. असं दोनदा झालं की घरातलं सगळं वातावरण बदलतं आणि नोकरीवर गंडांतर येतं.

नकाशा घ्या. घर आणि मुलांची शाळा किंवा पाळणाघर हे दोन बिंदू पक्के करा. तिथून संध्याकाळी सहाला निघून तासाभरात परतता येईल तेवढाच भाग शोधायचा. मी कर्वेनगरची, त्यामुळे माझ्या यादीत बाणेर, बावधन, सेनापती बापट रस्ता, शिवाजीनगर एवढंच होतं. वनाज ते रामवाडी मेट्रो झाल्यापासून कोथरूडकरांना विमाननगरच्या बाजूचा विचार करता येतो. खराडीला मात्र रामवाडीपासून पुढे बस किंवा रिक्षा लागतेच, तो वेळ धरा. चाकण आणि रांजणगावच्या कारखान्यांत एचआरची कामं भरपूर असतात आणि तिथलं शिकणंही फार पक्कं असतं. पण कंपनीची बस नळ स्टॉपवरून सकाळी किती वाजता सुटते हे विचारल्याशिवाय अर्ज करू नका. शाळेची व्हॅन त्यानंतर येणार असेल तर मुलाला व्हॅनमध्ये बसवणारं माणूस घरात हवं.

पाळणाघराचं नोकरी मिळायच्या आधी ठरवा. आणि ठरवताना काकूंना फीच्या आधी हे विचारा की गणपतीत किती दिवस बंद असतं, दिवाळीत किती, ताप असलेलं मूल घेतात का, उशीर झाला तर किती वाजेपर्यंत थांबतात. नोकरी लागायच्या आधीच मुलाला आठवडाभर तिथे सोडून बघा. रडणं, जेवण, झोप हे सगळं त्या आठवड्यात समजतं, आणि जॉइनिंगचा पहिला आठवडा त्या काळजीतून सुटतो.

एचआरच्या कामाचं कॅलेंडर आणि शाळेचं कॅलेंडर एकमेकांच्या नेमकं आड येतं, याबद्दल फार कमी बोललं जातं. मार्च-एप्रिलमध्ये अप्रेझल आणि त्याच वेळी वार्षिक परीक्षा. दिवाळीच्या आधी बोनसची धावपळ, आणि बोनस जमा होतो न होतो तोच शाळेला सुट्टी लागते. शिवाय दर महिन्याचे शेवटचे पाच-सहा दिवस पेरोलचे. हे तुम्हाला जुन्या अनुभवावरून माहीत आहे, पण घरच्यांना नाही. नवऱ्याला घेऊन बसा आणि दोघांच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये ह्या तारखा आत्ताच टाका. पेरोलच्या आठवड्यात मूल आजारी पडलं तर रजा त्याची, इतर वेळी आलटून पालटून. सासूबाई किंवा आई मदतीला असतील तर फार चांगलं, पण सगळा भार त्यांच्यावर टाकून नोकरी धरू नका. त्यांचं गुडघ्याचं दुखणं निघालं की आपलं सगळं कोसळतं. पाळणाघर हा मुख्य आधार आणि घरची माणसं अडीअडचणीला, असं ठेवलं तर दोन्ही टिकतं.

एक पगारपत्रक घेऊन बसा

परतायच्या तयारीत मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते हे, म्हणून इथे थोडं थांबते.

पन्नास हजार रुपये महिना पगाराचा एक माणूस घ्या. बेसिक १८,०००, घरभाडे भत्ता २२,०००, वाहतूक भत्ता १०,०००. जुन्या पद्धतीत कंपन्या बेसिक असंच खाली ठेवायच्या, म्हणजे ग्रॅच्युइटी आणि पीएफ कमी बसायचा. नव्या व्याख्येत घरभाडे भत्ता, वाहतूक भत्ता, कमिशन, ओव्हरटाइम वगैरे गोष्टी ‘वेतना’तून वगळल्या आहेत, पण त्या सगळ्या मिळून एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांच्या वर गेल्या तर वरचा हिस्सा वेतनात परत मिळवायचा. आपल्या उदाहरणात वगळलेली रक्कम ३२,००० होते. मर्यादा २५,००० ची. म्हणजे ७,००० परत मिळवायचे आणि वेतन धरायचं २५,०००.

आता त्या माणसाने पाच वर्षं काम केलंय असं समजून ग्रॅच्युइटी काढा. सूत्र तेच आहे: वेतन गुणिले पंधरा भागिले सव्वीस गुणिले वर्षं. १८,००० वर ती ५१,९२३ रुपये येते, २५,००० वर ७२,११५. वीस हजारांचा फरक, एका माणसामागे. कंपनीत तीनशे माणसं असतील तर फायनान्सवाल्यांना यावर झोप का लागत नाही ते लक्षात येईल.

पुढचा प्रश्न लगेच येतो, आणि इंटरव्ह्यूमध्येही तोच विचारला जातो: मग हातात येणारा पगार कमी होणार का? इथे बरेच जण घाईने ‘हो’ म्हणतात. कंपनी जर पीएफ १५,००० च्या मर्यादेवरच कापत असेल, तर कपात आधीही १,८०० होती आणि आताही १,८००च राहते. हातातल्या पगाराला त्यामुळे धक्का लागत नाही. पूर्ण बेसिकवर पीएफ कापणाऱ्या कंपनीत मात्र आकडे बदलतात. हे कागदावर आकडे मांडून सांगता आलं की समोरच्याचा चेहरा बदलतो, हे मी स्वतः इंटरव्ह्यू घेताना अनुभवलंय. माझ्यासमोर अलीकडे एक जण आली होती, सात वर्षांचा ब्रेक. तिने माझ्याच पॅडवर असे तीन रकाने आखले आणि ‘स्पेशल अलाउन्स’ वगळण्याच्या यादीत नावाने कुठेच नाही, त्याचं तुम्ही काय केलंत असं मलाच विचारलं. ब्रेकबद्दल मी तिला काही विचारलंच नाही.

वेतन संहितेच्या कलम २ मधली ‘वेतन’ ही व्याख्या मूळ मजकुरातून वाचा. केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संहिता आणि शंका-समाधान दोन्ही फुकट मिळतं. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या तक्त्यांवर विसंबू नका. मग स्वतःची जुनी सॅलरी स्लिप शोधा, नवऱ्याची घ्या, भावाची घ्या, आणि एक्सेलमध्ये अशीच मांडा. चार-पाच स्लिपा झाल्या की हात बसतो.

याच्या जोडीला आणखी काही गोष्टी पक्क्या करा. नोकरी सोडणाऱ्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. दीड-दीड महिना फुल अँड फायनल रेंगाळायचं, त्या दिवसांची सवय मोडा. नेमणूकपत्र प्रत्येकाला देणं बंधनकारक आहे. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्याला एक वर्षानंतर प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते, आणि परतणाऱ्या बायकांना सुरुवातीला बऱ्याचदा अशीच मुदतीची नेमणूक मिळते, त्यामुळे हे आपल्या स्वतःच्या कामाचं आहे. कामगार कपातीसाठी सरकारी परवानगीची अट आता ३०० कामगारांपासून लागते.

संहितांच्या बाहेरही बदल झालेत. नव्या माणसाचा यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) ऑगस्ट २०२५ पासून सरकारच्या उमंग अॅपवर चेहरा दाखवून काढायचा असतो. महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना एप्रिल २०२३ पासून प्रोफेशनल टॅक्स नाही. इन्कम टॅक्सची नवी रचना २०२३-२४ पासून आपोआप लागू होते, जुनी हवी असेल तर कर्मचाऱ्याने सांगावं लागतं. पॉशचा, म्हणजे कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ रोखणारा कायदा २०१३ चाच आहे, पण तक्रार समितीच्या कामाकडे कंपन्या पूर्वीपेक्षा फार गांभीर्याने बघतात. दहा किंवा जास्त माणसं असली की समिती हवी, चौकशी ९० दिवसांत संपवायची, वार्षिक अहवाल द्यायचा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वाचून ठेवा, कारण कर्मचाऱ्यांचं आधार, पॅन, मेडिकल रिपोर्ट हे सगळं आपल्याच कपाटात आणि आपल्याच सर्व्हरवर असतं. चॅटजीपीटीवर जेडी (जागेच्या कामाचं वर्णन) लिहून घ्यायला हरकत नाही, सगळे घेतात. पण माणसांची नावं, पगार, तक्रारी त्यात टाकायच्या नाहीत, हे तुमच्या तोंडून आपणहून आलं तर फार चांगलं दिसतं.

शिस्तीत शिकायचं असेल तर विद्यापीठाचा डीएलएल अँड एलडब्ल्यू हा कामगार कायद्याचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, आयएलएस लॉ कॉलेजात तो चालतो. कारखान्यांच्या जाहिरातींत या डिप्लोमाचं नाव आजही असतं. सेनापती बापट रस्त्यावर मराठा चेंबर या उद्योजकांच्या संस्थेत आणि एनआयपीएम या एचआरवाल्यांच्या संस्थेच्या पुणे शाखेत कार्यक्रम होतात. तिथे व्याख्यानाइतकाच चहाच्या वेळेचा उपयोग असतो. जुने बॉस, जुने कन्सल्टंट, युनियनशी वाटाघाटी केलेले अनुभवी लोक तिथेच भेटतात. दहा-पंधरा हजारांचे ऑनलाइन ‘एचआर सर्टिफिकेशन’चे कोर्स मात्र माझ्या मते टाळावेत. सीव्हीत ते असलं काय आणि नसलं काय, शॉर्टलिस्ट करताना मी तिकडे बघत नाही.

हाताला ताजं काम लावा

वाचलेलं सांगता येतं, पण इंटरव्ह्यूत ‘सध्या काय करता’ याला उत्तर लागतं. त्यासाठी पुण्यात एक फार चांगली सोय आहे. टिळक रोड, पिंपरी, भोसरी, हडपसर, कुठेही बघा, पीएफ-ईएसआयचे (ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा) कन्सल्टंट आहेत. एखाद-दोन टेबलांचं ऑफिस, कपाटात फायली, भिंतीवर देवाचा फोटो, आणि हाताखाली तीस-चाळीस लहान कंपन्या. वीस माणसं झाली की पीएफ लागतो, दहा झाली की ईएसआय, आणि नऱ्ह्यापासून तळवड्यापर्यंतच्या वर्कशॉपवाल्यांना हे स्वतः करता येत नाही. दोन्हींची मुदत पुढच्या महिन्याच्या १५ तारखेची. त्यामुळे पाच ते पंधरा तारखेपर्यंत या ऑफिसांत श्वास घ्यायला फुरसत नसते आणि जाणत्या हातांची कायम गरज असते.

अशा कन्सल्टंटकडे जा आणि तेवढ्याच दहा दिवसांसाठी अर्धवेळ काम मागा. पैसे फार मिळणार नाहीत. पण ईसीआरची (पीएफच्या मासिक विवरणपत्राची) फाइल तयार करणं, आधार आणि पीएफ खात्यातलं नाव जुळत नसल्यामुळे अडकलेली प्रकरणं सोडवणं, २१,००० पगाराच्या खालचा कोण वरचा कोण हे बघून ईएसआय लावणं, चलन भरून पावती काढणं, हे सगळं पुन्हा हाताखालून जातं. मोठ्या कंपनीत दहा वर्षं काढलेल्या एचआर मॅनेजरनेही अनेकदा ईसीआर स्वतः कधी अपलोड केलेली नसते. तीन-चार महिन्यांनी तुमच्या सीव्हीवर आजच्या तारखेचं काम येतं आणि फोन करून खात्री करता येईल असं रेफरन्सचं नाव येतं.

ज्यांचा पिंड रिक्रूटमेंटचा आहे त्यांनी प्लेसमेंट कन्सल्टन्सीत घरून काम घ्यावं, जागा भरली की पैसे या बोलीवर. संध्याकाळी सहा ते नऊ हीच उमेदवारांना फोन करायची खरी वेळ असते, आणि घरात त्या वेळी मुलांचा अभ्यास आणि जेवण असतं, एवढं आधी लक्षात घ्या. ट्रेनिंगवाल्यांनी पॉशची जागृती सत्रं लहान कंपन्यांत घ्यावीत. ज्यांचा कामगार कायद्याचा अभ्यास पक्का आहे त्यांना तक्रार समितीवर बाहेरच्या सदस्य म्हणूनही विचारणा होऊ शकते. ती जबाबदारी गंभीर आहे, पूर्ण तयारी असेल तरच घ्या.

सीव्ही आणि प्रोफाइल

ब्रेक लपवू नका, आणि त्यावर परिच्छेदही लिहू नका. एक ओळ पुरते: ‘करिअर ब्रेक, पालकत्व, २०१९ ते २०२५.’ त्याच्या वर, पहिल्या जागी, आजचं काम: ‘जुलै २०२५ पासून भोसरीतल्या कामगार कायदा कन्सल्टंटकडे, वीसहून अधिक आस्थापनांची मासिक पीएफ व ईएसआय विवरणपत्रं.’ लिंक्डइनवर २०२२ पासून करिअर ब्रेक दाखवायची वेगळी सोय आहे, ती वापरा. तारखा मागेपुढे करून गॅप बुजवू नका. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये पीएफची सर्व्हिस हिस्टरी बघतात, हे तुम्हाला माहीत आहे.

‘मातृत्वाने मला मल्टिटास्किंग शिकवलं’ असली वाक्यं कृपा करून काढून टाका. मूल वाढवणं हे त्याच्या जागी मोठंच काम आहे. त्याला मॅनेजमेंटचा कोर्स असल्यासारखं विकायची गरज नाही, आणि वाचणारी रिक्रूटर ते वाक्य गाळूनच पुढे जाते.

जुन्या कामाचे आकडे लिहा. किती माणसांचा पेरोल, किती कॉन्ट्रॅक्टर, वर्षाला किती भरती, कोणता करार. ‘एम्प्लॉयी एंगेजमेंट पाहिलं’ यातून काही कळत नाही. ‘४५० कामगारांच्या कारखान्यात वेतन कराराच्या वाटाघाटींत टिपणं आणि खर्चाचे तक्ते तयार केले’ यातून सगळं कळतं.

नोकरी डॉट कॉमवरचं प्रोफाइल दर दोन-चार दिवसांनी उघडा, एखादा शब्द बदला, सेव्ह करा. नाहीतर ‘अॅक्टिव्ह’च्या फिल्टरमध्येच तुम्ही दिसेनाशा व्हाल. नोटीस पिरियडच्या रकान्यात ‘लगेच’ निवडा. ही तुमची खरी ताकद आहे. बाकीचे उमेदवार दोन-तीन महिन्यांची नोटीस घेऊन फिरतात आणि ऐनवेळी दुसरी ऑफर धरून गायब होतात. पुढच्या सोमवारी जॉइन होणारी आणि ऑफर न सोडणारी उमेदवार मिळाली तर रिक्रूटरचा जीव भांड्यात पडतो.

मोठ्या कंपन्यांच्या परतीच्या योजनाही बघा. टाटा समूहाची सेकंड करिअर इंटर्नशिप योजना २००८ पासूनची, इन्फोसिसची ‘रीस्टार्ट’, टीसीएसची ‘रीबिगिन’. अर्ज जरूर करा, पण तेवढ्यावर थांबू नका, या योजनांचा मुख्य भर तांत्रिक कामांवर असतो. माझ्या बघण्यात एचआरमध्ये परत आलेल्या बहुतेक जणींना जुन्या ओळखीतूनच दार उघडलं. जुन्या सहकाऱ्यांना फोन करा. मेसेज नको, फोन. ‘काही असेल तर सांग’ असं मोघम बोलू नका. ‘बाणेर-बावधन भागात पेरोल किंवा कम्प्लायन्सची जागा हवी आहे, लगेच येऊ शकते’ असं सांगितलं तर ते समोरच्याच्या डोक्यात राहतं.

इंटरव्ह्यू आणि पगार

‘मुलं लहान आहेत ना? कोण बघतं?’ हा प्रश्न येणार. तो विचारू नये असं मीच आमच्या मॅनेजरांना शिकवते, तरी येतो. एका कारखान्याच्या प्लांट हेडने मला तो पहिल्या पाच मिनिटांत विचारला होता. मी म्हणाले, “मुलांची व्यवस्था लागलेली आहे, सर. साडेनऊला मी जागेवर असेन. मला एक विचारायचं होतं, तुमच्याकडे कॉन्ट्रॅक्टरची माणसं किती आहेत? आणि त्यांच्या पीएफची चलनं कोण तपासतं?” त्यांनी खुर्ची पुढे ओढली. कॉन्ट्रॅक्टरने पैसे भरले नाहीत तर जबाबदारी मूळ मालकावर येते, आणि ती भीती प्रत्येक प्लांट हेडच्या मनात असते. पुढचा अर्धा तास आम्ही तेवढ्यावरच बोलत होतो.

उत्तर असंच आखडतं ठेवा. एका वाक्यात व्यवस्था, आणि लगेच त्यांच्या कामाच्या दुखऱ्या जागेवरचा प्रश्न. सासूबाई, पाळणाघर, नवऱ्याची शिफ्ट यातलं काही सांगत बसू नका. एक सांगितलं की दुसरं विचारतात.

तुम्हीही विचारा. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करणं कायद्याने बंधनकारक आहे. ती स्वतःची आहे की जवळच्या पाळणाघराशी टाय-अप, वयाची मर्यादा किती, हे एचआरच्या उमेदवाराने विचारणं अगदी योग्य आहे. उत्तर देताना समोरची मंडळी चाचरली तर तिथल्या कम्प्लायन्सचा अंदाज येतो.

पगाराच्या फॉर्ममध्ये ‘लास्ट ड्रॉन सीटीसी’चा, म्हणजे शेवटच्या वार्षिक पॅकेजचा रकाना असतो. आकडा खरा लिहा, पण समोर वर्ष लिहा. आणि बोलताना सांगा, “हा आकडा २०१९ चा आहे, त्यावर तीस टक्के वाढवून आजचा पगार ठरत नाही. या जागेचा पगाराचा बँड सांगा, त्यात मी कुठे बसते ते बोलू.” आपण वर्षानुवर्षं इतरांशी हेच बोललोय, स्वतःसाठी बोलताना आवाज खाली जाऊ देऊ नका. पदाच्या बाबतीत माझं मत असं की एक पायरी खाली यायला हरकत नाही. मॅनेजर होतात तर असिस्टंट मॅनेजर चालेल. दोन पायऱ्या खाली येऊ नका. प्रत्येक बढतीला किमान दोन-तीन वर्षं धरली तर गमावलेली जागा परत मिळवायला चार ते सहा वर्षं जातात. खाली यावं लागलंच तर सहा महिन्यांनी पद आणि पगाराचा आढावा घेऊ, हे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. तोंडी आश्वासनाचं पुढे काय होतं ते आपण पाहिलंय, आणि आश्वासन देणारा मॅनेजर सहा महिन्यांत बदललेलाही असतो.

जॉइन होण्याआधी आणि झाल्यावर

जुन्या कंपनीची बाहेर पडल्याची तारीख यूएएनवर आहे का ते आजच बघा. नसेल तर शेवटचं योगदान जमा झाल्यानंतर दोन महिने उलटले की ती आपली आपल्याला टाकता येते. नावातलं स्पेलिंग आणि लग्नानंतर बदललेलं आडनाव आधार, पॅन, पीएफ, तिन्हीकडे सारखं करून घ्या. एचआरच्या नव्या मॅनेजरचीच केवायसी अडकलेली असेल तर ऑफिसात बरं दिसत नाही. मध्ये पैसे काढले नसतील तर जुनं खातं नव्यात वर्ग करा. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा मोजतात, त्यात जुनी वर्षं धरली जाणं फार मोलाचं आहे. जॉइनिंगच्या फॉर्म ११ मध्ये जुना यूएएनच लिहा, नवा काढू देऊ नका.

पहिला महिना पेरोलच्या मुलीशेजारी खुर्ची टाकून बसा, तुमचा रोल पेरोलचा नसला तरी. कीका, डार्विनबॉक्स, ग्रेटएचआर, त्यांच्याकडे जे सॉफ्टवेअर असेल ते तिच्याकडून शिका. तिचं वय पंचवीस असेल, तिला ‘अगं, हे कसं केलंस?’ असं मोकळेपणाने विचारा. कारखाना असेल तर पहिल्या आठवड्यात शॉप फ्लोअरवर आणि कॅन्टीनमध्ये जा, युनियनच्या लोकांना नावाने ओळखायला लागा.

संध्याकाळी निघायची वेळ पहिल्या दिवसापासून ठरलेली ठेवा आणि ती बॉसला सांगून टाका: “मी सहाला निघते, साडेआठनंतर तासभर लॅपटॉपवर असते, पेरोलच्या आठवड्यात थांबते.” पहिले दोन महिने आठ-आठ वाजेपर्यंत बसून नंतर सहाला निघायला लागलात तर लोकांना ती ढिलाई वाटते. पहिल्यापासून सहाला निघणाऱ्या बाईकडे लोक साडेपाचला फाइल घेऊन येतात, त्यामुळे साडेपाच ते सहाचा अर्धा तास कुठल्याही मीटिंगला देऊ नका.

प्रोबेशन संपायच्या पंधरा दिवस आधी बॉसला मेल टाका. सहा महिन्यांत काय केलं ते चार-पाच ओळींत, कन्फर्मेशन लेटरची विनंती, आणि ऑफर लेटरमधल्या आढाव्याच्या कलमाचा उल्लेख. आपल्याच विभागाचं पत्र म्हणून ते मागे पडतं. दुसऱ्याच्या कन्फर्मेशनला आपण जसा पाठपुरावा करतो, तसाच याचाही करा.